परसातला लांबट टोमॅटो

२०२३ साल आठवा. जुलैत टोमॅटो शहरात किलोला शंभराच्या वर गेला. सप्टेंबरात त्याच टोमॅटोचा गाडीभाडेही सुटणार नाही असा भाव झाला. स्वस्ताईत विकणारे आपण आणि महागाईत पिशवी घेऊन आठवडे बाजारात उभे राहणारेही आपणच. भाव काही आपल्या हातात नाही, पण घरची आमटी तरी आहे ना?

म्हणून परसात आठ-दहा झाडे लावा, पण लांबट, जाड गराच्या वाणाची. पंजाब छुहारा, पुसा गौरव ही नावे लक्षात ठेवा. यांत बी आणि पाणी कमी, गर जास्त. बाजारातला रसाळ टोमॅटो आटवता आटवता सरपण संपते. शिवाय या वाणांची फळे बरीचशी एकदमच पिकतात. रोजच्या भाजीला ती अडचण खरी, पण साठवणीला सोयीची.

घटस्थापनेला बी टाका, दिवाळीत रोप लावा. पांढऱ्या माशीने पाने आकसतात, म्हणून रोपांवर बारीक जाळी हवी. जिथे वांगी, मिरची होती ती जागा टाळा. दोन झाडांत दीड हात अंतर ठेवून काठीचा आधार द्या.

आता मुख्य गोष्ट. या लांबट फळांच्या बुडाला काळा, चपटा डाग फार पडतो. तो दिसला की माणूस औषधाच्या दुकानात पळतो, आणि तिथून कोणी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही! अहो, ही कीड नव्हे की बुरशी नव्हे. पाणी कधी तुंब, कधी कोरड असे झाले की फळाला कॅल्शियम पोचत नाही, त्याचा हा डाग. बुडाशी पाचट पसरा, थोडे पण नेमाने पाणी द्या. पुढची फळे चांगली येतील.

माघ-फाल्गुनातल्या उन्हात फळाचे उभे काप करून, मीठ लावून, पातळ कापडाखाली वाळवा. संध्याकाळी आत घ्यायला विसरू नका. काप कडकन मोडला पाहिजे. वाकला तर बरणीत बुरशी धरणार. वीस किलोंचे जेमतेम सव्वा किलो होईल, पण चिमूटभर भुकटीत आमटीला आंबटपणा येतो.

ग्रामपंचायत अधिकारी आणि अंगणवाडीताईंनाही एक सांगणे. परसबाग म्हणजे पाहुणे येण्याच्या दिवशीचा फोटो नव्हे. टोमॅटोच्या बियांची पाकिटे जूनमध्ये वाटली तर रोपे पावसात सडतात, ती सप्टेंबरात द्या. आणि बी सुधारित वाणाचे द्या, म्हणजे बायाबापड्यांना पुढल्या वर्षी घरचेच बी धरता येईल. संकरिताचे धरलेले बी मूळ वाणासारखे निघत नाही. वाटण्याआधी पाकीट एकदा वाचून घ्यावे.