छतावरच्या चकरा

लातूरला आपाकडे गेलो होतो. मगरिबनंतर भाची छतावर गोल गोल फिरत होती. मनगटावर मीच ईदीत दिलेलं पावलं मोजणारं घड्याळ. वय अकरा. म्हणाली, "मामू, और तीन हजार बाकी हैं." शेजारच्या एका बाईंनी आपाला सांगितलं होतं, पोरगी अंगाने भरतेय, आत्तापासून बघा, पुढे रिश्त्याला अडचण येईल. लगेच फर्मान निघालं: रोज दहा हजार पावलं. पण घराबाहेर नाही.

हा दहा हजारांचा आकडा दवाखान्यातून आलेला नाही. १९६५ साली यामासा या जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. दुकानदाराने ठेवलेलं नाव आपण नुस्खा म्हणून घेतलं. लहान मुलांसाठी सुदृढ वजनाशी जोडलेले आकडे २००४ मध्ये आले: सहा ते बारा वर्षांच्या मुलींना १२,०००, मुलग्यांना १५,०००. ज्यांच्यावरून ते काढले ती मुलं अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि स्वीडनची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत तर पावलांचं लक्ष्यच नाही. ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं आहे. आणि वाढत्या लेकराचं वजन वय-उंचीच्या तक्त्यावर बघतात, शेजारणीच्या नजरेने नाही. उंची वाढतेय तोवर वजन नुसतं थांबलं तरी पुष्कळदा पुरतं.

त्याच घरात भाचा आहे, दोन वर्षांनी मोठा. त्याच्या मनगटावर काही नाही. मशिदीत पायी जातो, असरनंतर गल्लीत क्रिकेट, दूध-किराणा तोच आणतो. त्याची पावलं कुणी मोजत नाही, कारण त्याला कुणी अडवत नाही.

मी बोललो तर उत्तर ठरलेलं: "माहौल ठीक नाही." हाच माहौल संध्याकाळी ट्यूशनला पाठवताना आडवा येत नाही, खेळालाच येतो. नांदेडला आमच्या देगलूर नाक्याकडेही तेच. मोकळी जागा उरलीय तिथे मुलगे खेळतात, पोरी गॅलरीतून बघतात. नगरसेवकाकडे आपण नाली मागतो, लाइट मागतो. पोरींसाठी मैदान कधी मागितलं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान लागतं. दाखला घेताना ते कुणी विचारलं? मीही नाही.

दीनचं नाव पुढे करणाऱ्यांनी अबू दाऊदमधली हदीस आठवावी. प्रवासात रसूलल्लाह (स.) आणि हजरत आयशा (रजि.) यांनी शर्यत लावली, त्या जिंकल्या. पुढे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, त्या हरल्या, आणि आप (स.) म्हणाले की ही त्या वेळची परतफेड. वजनावरून टोमणा नाही, छतावर चकराही नाहीत. दोघं धावले.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर भाचीला घेऊन गंजगोलाईपर्यंत चालत गेलो. घड्याळ घरीच ठेवलं. तिथे फुटणारे सोळा रस्ते तिने मोजले, एक दोनदा मोजला म्हणून परत पहिल्यापासून. आपा अजून माझ्याशी धड बोलत नाही.