टॉवर एकदा उभा केला की झालं?

राळेगणसिद्धीचं नाव काढलं की लोकांना उपोषण आठवतं. मला तिथला पाझर तलाव आठवतो. सरकारी तलाव, कागदावर पूर्ण, फक्त पाणी धरत नव्हता! १९७५ मध्ये अण्णा हजारे गावात परतले, पुढे गावाने श्रमदान करून गळका बांध दुरुस्त केला, आणि खालच्या विहिरींना पाणी आलं.

कागदावर पूर्ण आणि प्रत्यक्षात गळकं, हा प्रकार आम्हा नेटवर्कवाल्यांच्या धंद्यातही चालतो. सगळ्यात जास्त उघड्या खाणीत.

चंद्रपूरकडच्या दुर्गापूर किंवा सास्तीसारखी कोळशाची उघडी खाण म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड खड्डा, आणि हा खड्डा सतत पुढे सरकतो. म्हणून अशा ठिकाणी वायरलेसचं सामान चाकांवर हवं: ट्रेलर, त्यावर मास्ट, सोलर पॅनेल, बॅटरी, रेडिओ. सुरुंग उडवायच्या आधी तो लांब न्यायचा, काम पुढे गेलं की नव्या जागी. तिथे अँटेना पुन्हा जुळवायचा, जीप घेऊन डंपरच्या रस्त्यावर सिग्नल मोजायचा. ५ गिगाहर्ट्झची लहर मातीच्या भिंतीला वळसा घालत नाही. जागा चुकली की खालची अख्खी पायरी सावलीत!

आणि मी पाहिलेल्या टेंडरांत काय असतं? सप्लाय, इन्स्टॉलेशन, कमिशनिंग, फोटो, बिल. हलवायचा खर्च? "ते साईटवाले बघतील." म्हणजे ट्रॅक्टर मिळेल तेव्हा, माणूस मिळेल तेव्हा.

"अरे, मेश आहे ना, आपोआप रस्ता शोधेल," असं एसीत बसून म्हणणारे भेटतात. शोधेल की, पण दोन रेडिओंना एकमेकांचं ऐकू आलं तर! सॉफ्टवेअर मातीचा ढिगारा बाजूला करत नाही.

प्रश्न ईमेल उशिरा जाण्याचा नाही. शंभर टनी डंपरच्या ड्रायव्हरला जवळची जीप दिसत नाही. भिंत सरकतेय हे टिपणारं रडारसुद्धा बऱ्याचदा वायरलेसवरूनच कंट्रोल रूमला कळवतं. २९ डिसेंबर २०१६ ला झारखंडच्या राजमहल खाणीत ढिगारा कोसळून २३ कामगार गेले. नेटवर्कने ते वाचले असते असा माझा दावा नाही. पण जिथे असं घडू शकतं, तिथे इशारा पोचवणारी तार "जमेल तेव्हा" हलवायची?

माझं म्हणणं साधं आहे. स्थलांतर ही टेंडरमध्ये वेगळी ओळ हवी: वर्षातून किती वेळा, किती तासांत, कोण करणार. खाणीचा पुढच्या वर्षाचा आराखडा नेटवर्कवाल्याच्या हातात हवा. आणि शेवटचं बिल पास व्हावं ते सामान एकदा हलवून, सिग्नल मोजून दाखवल्यावरच. उद्घाटनाच्या फोटोवर नाही.