फावडेपंथी, इंचपंथी वगैरे

अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर ‘गॅसवर चालणारा स्नो-ब्लोअर घ्यायचाय’ असं पुण्याला फोनवर म्हटलं की पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘सिलिंडर कुठे जोडता?’ आणि दुसरा, ‘ब्लोअर म्हणजे पंखाच ना?’ पंखा नव्हे हो. हे यंत्र बर्फावर फुंकर घालत नाही. ते बर्फ खातं आणि थुंकतं. पुढे लोखंडी जबडा, जबड्यात मळसूत्रासारखं फिरणारं दातेरी पातं आणि वर वाटेल त्या दिशेला वळणारी मान. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली न बघता पिचकारी मारणारे गृहस्थ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या यंत्राची रचना वेगळी समजावून सांगायला नको.

मी राहतो तो भाग ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला, बफेलो शहराजवळ. गावाच्या नावातच म्हैस आहे आणि हिवाळ्यात गाव तिच्यासारखंच बसून राहतं. कॅनडाकडून येणारा कोरडा गार वारा सरोवराच्या त्या मानाने कोमट पाण्यावरून जातो, पोटभर वाफ पितो आणि काठावर येऊन सगळी आमच्या डोक्यावर रिकामी करतो. वर्षाला सरासरी 95 इंच बर्फ. नोव्हेंबर 2022 मध्ये तर शेजारच्या ऑर्चर्ड पार्कात चार दिवसांत सुमारे 80 इंच पडला. म्हणजे साडेसहा फुटांच्या वर. एवढा उंच जावई मिळाला तर आपल्याकडे पेढे वाटतात. बर्फ मिळाला की काय वाटायचं ते सुचत नाही.

आणि या बर्फात घराचा ड्राइव्हवे. गराजच्या दारापासून सरकारी रस्त्यापर्यंतची आपल्या मालकीची वाट. शंभर फूट लांब, वीस फूट रुंद. देशात असताना असली खाजगी वाट असलेला माणूस जहागीरदार वाटायचा. इथं डिसेंबरात कळतं की जहागिरीला सारा असतो. त्या वाटेवर एक फूट ताजा बर्फ पडला आणि त्याचं वजन पाण्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं धरलं, तर हिशेब साडेपाच टनांवर जातो. फावड्यात एका वेळी पाच किलो घेतला तर अकराशे फावडी. बर्फ ओला असेल तर आकडा दुप्पट, आणि मग तो मोजणारा माणूस शिल्लक असेलच असं नाही.

एवढं असूनही यंत्र घ्यायचं म्हटलं की आमच्या मंडळींत वादाला तोंड फुटतं. दिवाळीच्या फराळाला इथल्या मराठी घरी जमावं, चकली मोडेपर्यंत विषय निघालेला असतो. या वादात तीन पंथ आहेत आणि तिन्हींशी माझं भांडण आहे.

पहिले फावडेपंथी. वय पन्नाशीच्या पुढे, पोट गुडघ्यांच्या पुढे, आणि म्हणणं एकच : ‘अहो, यंत्र कशाला? तेवढाच व्यायाम होतो! आमचे आजोबा रोज दोनशे सूर्यनमस्कार घालायचे.’ आजोबांनी घातले, कबूल. पण आजोबांचे सूर्यनमस्कार नातवाच्या खात्यावर जमा होत नाहीत. आठ महिने खुर्चीत बसून कीबोर्ड बडवणारा हा नातू एके दिवशी पहाटे उठतो, कढत चहा घेतो आणि उणे दहा अंशांत टनावारी माल उचलायला निघतो. दादरच्या हमालाने हे केलं तर त्याला सवय तरी असते.

थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. हात वर करून जड वस्तू फेकताना माणूस नकळत श्वास रोखतो. रक्तदाब चढतो, आणि हृदयाला रक्त जास्त हवं असतं नेमकं तेव्हाच कमी मिळतं. नोव्हेंबर 2022 च्या त्या वादळात बर्फ हटवताना हृदय बंद पडून माणसं गेली, हे इथल्या काउंटीने जाहीर केलं होतं. महिन्याभराने नाताळात आलेल्या वादळाने चाळीसहून जास्त जीव घेतले. त्यांतही काही असेच गेले. दक्षिण आशियातल्या लोकांना हृदयविकार लवकर गाठतो हे तर आता आपल्या घराघरांत माहीत आहे. तरी आम्ही याला व्यायाम म्हणतो. शंभर वर्षांपूर्वी क्वेबेकमधल्या आर्थर सिकार्ड या शेतकरी घरातल्या माणसाला कळलं की हे फावड्याचं काम नाही. त्याने 1925 मध्ये बर्फ फेकणारं यंत्र बांधलं आणि 1927 मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या उत्रेमाँ गावाला विकलं. फावडं ज्याच्या घरात पिढीजात, त्याने ते सोडलं. आणि ज्यांच्या सात पिढ्यांनी लेखणीपलीकडे काही उचललं नाही, ते आम्ही ते कवटाळून बसलो आहोत.

दुसरे इंचपंथी. यांना यंत्र हवंय, पण शेजाऱ्यापेक्षा मोठं. ‘आमचा तीस इंची!’ हे वाक्य ‘आमचा बंटी डॉक्टर झाला’ या सुरात म्हटलं जातं. तीस इंच म्हणजे जबड्याची रुंदी. आता चौथीतल्या मुलाचा हिशेब करू. वीस फूट म्हणजे 240 इंच. 24 इंची यंत्राला दहा फेऱ्या, 30 इंचीला आठ. वाचल्या दोन. म्हणजे फार तर पाच मिनिटं. या पाच मिनिटांसाठी गृहस्थ काही शे डॉलर जास्त मोजतो, कितीतरी जड धूड घरी आणतो, आणि मग ते गराजमध्ये ठेवता यावं म्हणून गाडी बाहेर बर्फात उभी करतो.

बरं, तोंड मोठं म्हणजे ताकद मोठी असंही नाही. तेच इंजिन 24 इंची यंत्राला लावलं तर बर्फ लांब भिरकावतं. 30 इंचीला लावलं की मोठ्या तोंडात घास जास्त जातो आणि पोटाला झेपत नाही. घरोघरी असा एखादा मामा असतोच. म्हणून रुंदीच्या जोडीला इंजिन किती सीसीचं ते बघायचं : 24 इंचीला दोनशेच्या पुढे, 28 इंचीला अडीचशेच्या पुढे. पूर्वी या छोट्या इंजिनांवर अश्वशक्तीचे आकडे लिहीत. ते फुगवलेले असतात अशी ओरड झाली, गवत कापायच्या यंत्रांवरून अमेरिकेत खटला चालला, 2010 मध्ये तडजोड झाली, आणि कंपन्या आता बहुधा सीसीच लिहितात. घोड्यांनी कोर्टाची पायरी चढलेली मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही.

तिसरे बॅटरीपंथी. हे तरुण, सुशिक्षित आणि गोड बोलणारे. धूर नाही, आवाज नाही, तेल बदलायला नको. सगळं खरं. वाट दोन गाड्यांपुरती असेल तर बॅटरीवरचं यंत्र जरूर घ्या, पृथ्वी तुम्हाला दुवा देईल. पण वाट शंभर फुटांची आणि बर्फ फूटभर असला की गारठलेली बॅटरी लवकर मान टाकते आणि पुन्हा भरायला वेळ घेते. आकाश तोपर्यंत थांबत नाही. पेट्रोल संपलं तर डब्यातून ओतलं की यंत्र पुन्हा सुरू.

आता या तिन्ही पंथांना जे दिसत नाही ते सांगतो. हे सगळे भांडतात ते शंभर फुटांवरून. खरी लढाई शेवटच्या चार फुटांची असते.

तुम्ही वाट स्वच्छ करता, हात झटकता, आत येऊन आल्याचा चहा टाकता. तेवढ्यात नगरपालिकेचा नांगर येतो. रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणाऱ्या ट्रकला इथं नांगरच म्हणतात. तो रस्ता साफ करतो आणि रस्त्याभराचा बर्फ तुमच्या वाटेच्या तोंडाशी लोटून जातो. हा बर्फ भुसभुशीत नसतो. मिठाने अर्धा वितळलेला, गाड्यांनी तुडवलेला, गोटे झालेला. आणि दोन तास तसाच राहिला तर सिमेंट. नगरपालिकेचा यात दुष्टावा नसतो. तिचं काम रस्ता मोकळा करणं. तुमची वाट बंद होते हा तिचा विषय नव्हे. मुंबईत गटार साफ करून गाळ फुटपाथवर ठेवतात, तेच तत्त्व.

इथं घात होतो. ज्याचं यंत्र हलकं, त्याचं यंत्र या भिंतीवर चढतं, घरंगळतं आणि खाली येतं. मग इंचपंथी असो की बॅटरीपंथी, तो म्हणतो, ‘एवढंसंच तर राहिलंय,’ आणि भिंतीवरचं फावडं काढतो. शंभर फूट यंत्राने काढून माणूस शेवटच्या चार फुटांत फावडेपंथी होतो, आणि तोही सगळ्यांत जड बर्फाशी. नैवेद्याचं ताट देवापाशी नेऊन पायरीवर सांडावं तसं.

म्हणून माझं म्हणणं असं की यंत्र निवडायचं ते त्या भिंतीसाठी. जे भिंत खाईल, ते वाट खाईलच. एक-टप्पी यंत्रात एकच रबरी पातं जमीन घासत बर्फ उचलतं आणि तेच फेकतं. सातआठ इंच हलक्या बर्फाला ते छान, भिंतीपुढे केविलवाणं. दोन-टप्पी यंत्रात लोखंडी पातं बर्फ फोडून आत ओढतं आणि मागचा वेगळा पंखा तो बाहेर भिरकावतो. (म्हणजे पंखा आहेच; पुण्याचं अगदी चुकलं नव्हतं.) चाकं इंजिनाच्या जोरावर फिरतात, तेव्हा ढकलावं लागत नाही. आणि वळवताना एकेका चाकाची पकड सोडण्याची सोय हवी, नाहीतर प्रत्येक फेरीच्या शेवटी अडेल बैलाला वळवल्यासारखं होतं. जड यंत्र रेटूनही हृदयावर ताण येतो, त्यामुळे ज्याला छातीचा त्रास आहे त्याने यंत्र विकत घेण्याआधी डॉक्टरला विचारावं आणि वाट साफ करायला माणूस लावावा. त्यात कमीपणा नाही.

या यंत्राचे दोन गुण मला माणसांत क्वचित दिसले. एक, त्यात शिअर पिन नावाची खीळ मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. बर्फात पुरलेला दगड किंवा गुंडाळून टाकलेलं वर्तमानपत्र जबड्यात आलं की ती मोडते आणि गिअरबॉक्स वाचतो. दोन डॉलरची खीळ शेकडो डॉलर वाचवते. दोन, मुठी सोडल्या की ते आपोआप थांबतं.

पण थांबलं म्हणून विश्वास ठेवू नका. मान तुंबली की हात घालायचा मोह होतो. इंजिन बंद केलं तरी पट्ट्यात ताण राहिलेला असतो. बर्फ सुटला की पातं एक गिरकी मारतं आणि बोटं जातात. दरवर्षी जातात. यंत्राबरोबर काठी मिळते, ती शोभेची नाही. गराजमध्ये, दार उघडं असलं तरी, इंजिन चालू ठेवू नये. विषारी वायू दाराची वाट बघत नाही. आणि एप्रिलमध्ये पेट्रोल टाकीत तसंच ठेवलं तर डिसेंबरात कार्बुरेटरमध्ये डिंक सापडतो. लाडवाच्या डिंकाला ऋतू बरोबर आहे, हा मात्र कामाचा नाही.

तेव्हा दुकानात जाल तेव्हा इंच शेवटी विचारा. आधी यंत्राच्या मागे उभे राहा, मुठी धरा, डावीकडे वळवून बघा, उजवीकडे वळवून बघा. घरात जी दुसरी व्यक्ती ते कधीतरी चालवणार आहे, तिलाही वळवू द्या. मग विक्रेत्याला विचारा, ‘नांगराने टाकलेली भिंत हे खाईल का?’ तो रुंदीबद्दल बोलायला लागला तर पुढच्या यंत्राकडे वळा. आणि बिल करताना पाचसहा शिअर पिना जास्त मागून घ्या. पहिली मोडते ती बहुधा रविवारी सकाळी, दुकान उघडायच्या आत.