कलांचोचं वाण नको गं बाई!



संक्रांत जवळ आली की हळदीकुंकवाच्या वाणाची चर्चा सुरू होते. गेली दोन-तीन वर्षं एक नवीन टूम आहे: कलांचोची फुललेली कुंडी. कपाएवढं प्लॅस्टिकचं भांडं, वर लाल-पिवळ्या फुलांचा गुच्छ, भोवती चमकीचा कागद. प्लॅस्टिकचे डबे वाटण्यापेक्षा जिवंत झाड द्यावं, पर्यावरणही राखलं जातं, असं वाण देणाऱ्या सांगतात. माझा याला विरोध आहे, आणि तो स्पष्ट मांडते.

होळीपर्यंत यातल्या किती कुंड्या जिवंत असतात? तुमच्याच गल्लीत मोजा. दांडा काळा पडतो, पानं पिवळी होऊन गळतात, मग कुंडीसकट उकिरड्यावर. आपण अष्टमी-चतुर्दशीला हरी खात नाही, भाजी निवडताना अळी दिसली तर हळूच बाजूला ठेवतो. आणि चाळीस बायकांना चाळीस जीव वाटून ते मरू देतो, याला काय म्हणायचं? समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या प्रकारात प्रमादचर्या सांगितली आहे: कारण नसताना माती खणणं, पाणी सांडणं, विस्तव पेटवणं, वनस्पती तोडणं. पोटासाठी जे करावं लागतं ते वेगळं. हौसेसाठी आणून दुर्लक्षानं मारणं यात बसतंच.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं, "अहो, मी तर रोज पाणी घालत होते!" तिथंच घोळ आहे. कलांचो मरतो तो रोजच्या पाण्यानं. हे झाड मूळचं मादागास्करचं. जाड पानांत पाणी साठवून ठेवतं आणि पानांची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतं, म्हणजे दिवसाच्या उन्हात ओल उडत नाही. एवढं काटकसरी झाड! तुळशीसारखं त्याला सकाळी तांब्याभर पाणी घातलं की मुळं कुजतात. आपली माणसं त्यात शेतातली काळी माती भरतात. ती कपाशीला चांगली, कारण पाणी धरून ठेवते. याला त्याच गुणानं मारते. निम्मी माती आणि निम्मी जाड वाळू, मुरूम किंवा विटेचा चुरा, खाली भोक असलेली मातीची कुंडी, आणि बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी, तेही गाळलेलं. पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्यायची. एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन लागू द्यायचं नाही. सम्मेद शिखरजीला पंधरा दिवस जाऊन या, हे झाड मरत नाही. मरतं ते शेजारणीला "पाणी घाल गं" सांगून गेलात तर.

कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी हा वेगळाच प्रकार. त्यात डासांच्या अळ्या होतात. एका एकेंद्रियाच्या लाडापायी चतुरिंद्रिय जीव वाढवायचे आणि मग त्यांच्यावर फवारा मारायचा! पिठ्या ढेकणाचंही तसंच. पाणी आणि खत जास्त झालं की कोवळी, लुसलुशीत वाढ होते, त्यावर तो बसतो, मग औषध येतं. मुळात कोरडं आणि उजेडात ठेवलं तर ही वेळ सहसा येत नाही.

दुसरी तक्रार, "पुन्हा फूल येत नाही." कसं येईल? या झाडाला कळी धरायला मोठी रात्र लागते. रोपवाटिकेत सुमारे 6 आठवडे, रोज 14 तास काळ्या कापडाखाली ठेवून ते हवं तेव्हा फुलवतात. आपल्या हिंगोलीकडे डिसेंबरात रात्र सुमारे 13 तासांची असते, तेवढी त्याला पुरते. पण कुंडी टीव्हीच्या खोलीत, अकरापर्यंत ट्यूबलाइट चालू. झाडाच्या हिशेबात रात्र झालीच नाही. दिवाळीनंतर अशा जागी ठेवा जिथं संध्याकाळी दिवा लागत नाही. फुलं वाळली की दांडे काढा. बास.

आता, काहीजणी म्हणतील, मग झाड ठेवूच नये का? ज्यांना नको त्यांनी खुशाल ठेवू नये. आपली पानफुटी कलांचोच्याच कुळातली. तिचं पान मातीवर पडलं तरी कडेनं कोंब फुटतात. गोम्मटसार जीवकांडात तोडल्यावर पुन्हा उगवणं हे सप्रतिष्ठित वनस्पतीचं एक लक्षण सांगितलं आहे. तिच्या आश्रयाला अनंत जीव. कचऱ्यात जाणाऱ्या कुंडीचा हिशेब त्या मापानं करा. मी वाणिज्य शाखेची, घसारा लिहिणं मला कळतं. पण तो खुर्ची-टेबलावर लिहितात.

जिला खरी आवड आहे ती स्वतः जाऊन आणेल आणि जपेल. न विचारता कुणाच्या ओटीत जीव टाकू नये, एवढंच माझं म्हणणं. यंदा मी दुहेरी सुती कापडाची पाणी गाळायची गाळणी वाण म्हणून देणार आहे. कापड आणून झालंय, कडा शिवायच्या बाकी आहेत. ज्यांना आपल्या घरीही तीच द्यायची असतील त्यांनी पौष लागायच्या आत माप सांगा.