फुणके आणि व्हाईट सॉस

मेसच्या फळ्यावर 'आज फीस्ट : व्हेज मीटबॉल्स इन इटालियन व्हाईट सॉस' असं लिहिलं की रांग जिन्यापर्यंत जाते. मित्रहो, रांगेबद्दल माझं काही म्हणणं नाही. आठवडाभर बटाट्याची तीच ती भाजी खाल्ल्यावर माणूस कशालाही रांग लावेल! तक्रार गोळ्यांबद्दल आहे. ताटात येईपर्यंत निम्मे गोळे सॉसमध्ये फुटलेले असतात, आणि आपण 'इटालियन आहे बुवा' म्हणून गपगुमान खातो. वर जादा पैसेही देतो.

मांसाचा गोळा टिकतो, कारण त्यातली प्रथिनं गरम झाल्यावर आवळून एकमेकांना धरतात. उकडलेला बटाटा आणि पनीर यांना ते जमत नाही. पनीरची प्रथिनं दूध फाडतानाच घट्ट होऊन बसलेली असतात. मग त्यात मैदा ढकला, ब्रेडचा चुरा ढकला, तळा. थोडक्यात, मटेरियल सिलेक्शनपासूनच घोळ.

मी नांदगावचा. जिल्हा नाशिक, पण मनमाडनंतर आमचं स्टेशन आणि पुढे चाळीसगाव, म्हणजे खानदेश. त्यामुळे घरात फुणके असतातच. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : तुरीची डाळ तीन-चार तास भिजवायची, पाणी निथळून जाडसर वाटायची. त्यात हिरवी मिरची, लसूण, जिरं, कांदा, कोथिंबीर, मीठ आणि थोडं तेल. मुठीत दाबून मुटके करायचे आणि पंधरा-वीस मिनिटं वाफवायचे. शंभर ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. वाफेवर ती घट्ट होतात, स्टार्च फुगून चिकटतो, आणि मुटका अंडं-ब्रेड काही न घालता उभा राहतो. तो कढीबरोबर खातात.

आता ती कढी बघा. ताक फुटू नये म्हणून बेसन लावतो. व्हाईट सॉसमध्ये मैदा लोण्यावर परतून दूध घालतो. दोन्हीकडे दाटपणा येतो तो पिठातल्या स्टार्चमुळेच. मग फुणके व्हाईट सॉसमध्ये का नकोत? अर्धा लिटर दुधाला तीन मोठे चमचे लोणी, तेवढाच मैदा, मिरपूड, आणि ओरिगॅनो नसेल तर चिमूटभर ओवा. हसू नका, ओव्याला वास देणारं थायमॉल ओरिगॅनोतही असतं. गोळे मात्र वाढताना सोडायचे, तासभर आधी नाही.

इटलीचं म्हणाल तर तिकडे गोळ्यांना पोल्पेत्ते म्हणतात आणि बहुतेक वेळा वेगळेच खातात. स्पॅगेटीवर मीटबॉल हे अमेरिकेत गेलेल्या इटालियन लोकांचं काम. अब्रुत्सो नावाच्या डोंगराळ भागात तर चीज, शिळा पाव आणि अंडी यांचेच गोळे करून टोमॅटोच्या रसात शिजवतात, मांसाचं नावही नाही. गरिबाघरचा पदार्थ, आपल्या फुणक्यांचा चुलतभाऊच. (जाता जाता : अस्सल पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने बनतं. 'व्हेज' लिहिण्याआधी डबा वाचा.)

मला खरा राग फळ्याचा येतो. खानदेशातली, आमच्याकडची पोरं हॉस्टेलवर आली की फुणक्यांचं नाव काढत नाहीत. रूमवर डबा आला की दार लावून खातात, कुणी 'हे काय रे?' विचारू नये म्हणून. आणि पंधरा दिवसांनी तीच पोरं मीटबॉलच्या रांगेत पुढे! मीटबॉल शाकाहारी झाला तरी चालतो, पण फुणक्याला फळ्यावर जागा नाही, हे मला पटत नाही. पुढच्या फीस्टला मेस कमिटीने फळ्यावर 'फुणके, व्हाईट सॉस' असं स्वच्छ लिहावं. पाहिजे तर शेजारी कढीचं पातेलंही ठेवा, ज्याला जे आवडेल ते तो घेईल. स्टाफमधल्या जळगाव-धुळ्याच्या सरांनी चव बघायला यावं, मीठ-तिखट त्यांच्याकडूनच पास करून घेऊ.

वाफवायला नवं भांडं लागत नाही. मेसचं इडलीपात्र रविवारी नाश्ता झाल्यावर संध्याकाळपर्यंत रिकामंच पडलेलं असतं.