आधी खत तापवा, मगच विका

जिल्हा बैठकीत कापूस, कांदा, ऊस, वीजबिल यांवर बोलणारे पुष्कळ असतात. कोंबडीवर बोलायला सहसा कोणी उठत नाही. कोंबडी म्हणजे बायाबापड्यांचा नाही तर कंपनीच्या करारात अडकलेल्या पोरांचा विषय, असे आपण सगळेच धरून चाललो आहोत. पण बैठक संपून चहा सुरू झाला की हीच मंडळी हळूच जवळ येतात आणि विचारतात, "शेडमध्ये पिसवा झाल्या आहेत. खालचे तूस काढायचे आहे. जाळून टाकू, पुरू, की वावरात फेकू?"

या प्रश्नाला गावोगाव तीन उत्तरे दिली जातात. काही जण खत पेटवून देतात. काही जण ते ओढ्याच्या काठाला किंवा गावरस्त्याच्या कडेला ओततात आणि मग माश्यांवरून गावाशी भांडणे होतात. तिसरे उत्तर हुशारीचे समजले जाते : कोणाला कळायच्या आत ट्रॉली भरून शेजारच्या बागाईतदाराला विकून टाकायची. तिन्ही उत्तरे तोट्याची आहेत, आणि तिसरे तर आपल्याच माणसाला फसवण्याचे आहे. म्हणून या अंकाचा अग्रलेख आम्ही कोंबडखतावर लिहीत आहोत. ज्यांना हा विषय हलका वाटेल त्यांनी पुढचा हिशेब मांडून पाहावा.

चांगल्या कोरड्या कोंबडखतात सुमारे 3 टक्के नत्र, अडीच टक्क्यांच्या आसपास स्फुरद आणि सव्वा-दीड टक्का पालाश असते. तूस जास्त किंवा ओल जास्त असेल तर हे आकडे खाली येतात. तरी धरून चाला की एक टन चांगल्या खतात 30 किलो नत्र आहे. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र भरते पावणेएकवीस किलो. म्हणजे जवळजवळ दीड गोणी युरिया, आणि वर डीएपीच्या एका गोणीइतके स्फुरद. खत तापवताना नत्राचा काही भाग उडून जातो, तो वजा करा. तरी उरते ते थोडे नाही. जो माणूस हे पेटवतो तो नत्राचा धूर करतो आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या दारात युरियाच्या रांगेत उभा राहतो.

करारावर कोंबड्या वाढवणाऱ्यांनी तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड तुमची, वीज तुमची, रात्रीचे जागरण तुमचे. कोंबड्या भरून ट्रक गेला की शेडमध्ये तुमच्या मालकीचे म्हणून जे उरते ते हे खत. वाढवणुकीच्या दरात कपात झाली तरी बहुतेक ठिकाणी खताचे पैसे शेतकऱ्याच्या हातात पडतात. आणि परसात दहावीस गावरान कोंबड्या पाळणाऱ्या मायबहिणींचे तर काय सांगावे! 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांनी आपल्या न मोजलेल्या कष्टांचा प्रश्न मांडला. खुराडे झाडण्याचे कष्ट आजही कोणी मोजत नाही, आणि त्या झाडलोटीतून निघणाऱ्या खताचीही कुठे नोंद नाही.

आता किड्यांकडे वळू. गावात सगळ्यांनाच सरसकट 'पिसवा' म्हणतात, पण यांच्या जाती वेगळ्या आणि राहण्याच्या जागाही वेगळ्या. ते समजले की निम्मा प्रश्न सुटतो. उवा कोंबडीच्या अंगावर जन्मतात आणि अंगावरच मरतात. खाली पडलेली ऊ आठवडाभरात संपते. खताशी तिचा फारसा संबंध नाही. लाल बारीक किडा, ज्याला माइट म्हणतात, आणि चपटी गोचीड या दोघी मात्र निशाचर. दिवसा भिंतीच्या भेगांत, वाशांच्या सांध्यांत, बसायच्या दांडीखाली, अंड्याच्या टोपलीत दडतात आणि रात्री कोंबडीचे रक्त पितात. माइट उपाशीपोटी काही महिने तग धरते, गोचीड तर वर्षाहूनही अधिक. तिसरी जात पोटातली. जंतांची अंडी आणि रक्ती हगवणीचे जंतू विष्ठेतून थेट तुसात पडतात. रक्ती हगवणीच्या जंतूला ओल आणि ऊब मिळाली की एकदोन दिवसांत तो दुसऱ्या कोंबडीला लागायला तयार होतो. जंताचे अंडे त्याला दोनतीन आठवडे घेते, पण मातीत महिनोन्‌महिने टिकते. नेहमीच्या फिनेलला या दोघांपैकी कोणीही दाद देत नाही.

दाद देतात ते उष्णतेला. माइट 45 अंशांच्या वर फार काळ जगत नाही. जंताची अंडी आणि हगवणीचे जंतू 55 ते 60 अंशांत संपतात. ही उष्णता विकत आणावी लागत नाही. कोंबडखत नीट रचले तर ते दोनतीन दिवसांत आपले आपण तापते.

'नीट रचले तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपला परंपरागत उकिरडा हा नीट रचलेला ढीग नव्हे. तो पसरट असतो, रोज घमेलेभर वाढतो, त्यामुळे कधी तापतच नाही. बहुधा तो खुराड्याच्या शेजारीच असतो आणि दिवसभर त्याच कोंबड्या तो उकरत असतात. सकाळी खुराड्यातून बाहेर काढलेला जंत संध्याकाळी कोंबडीच्या पोटात बसून परत खुराड्यात येतो. असा उकिरडा हे खत नव्हे, रोगाची रोपवाटिका आहे.

तेव्हा ढीग रचायचा तो असा. शेडपासून निदान शंभर-दीडशे फूट दूर, विहिरीपासून लांब, पाणी न साचणारी उंच जागा निवडावी. तूस काढण्याआधी त्यावर पाण्याचा हलका शिडकावा करावा आणि नाकातोंडाला फडके बांधावे, कारण ती धूळ छातीला वाईट. काढलेले तूस त्याच दिवशी ढिगावर गेले पाहिजे. शेडच्या दाराशी रात्रभर ठेवू नये. कोंबडखतात नत्र फार आणि काडीकचरा कमी, म्हणून घमेल्याच्या मापाने एका भागाला एक ते दोन भाग उसाचे बारीक केलेले पाचट, गव्हाचे काड किंवा सोयाबीनचे भुसकट मिसळावे. ढीग चार-पाच फूट रुंद आणि चार फूट उंच करावा. लांबी माल असेल तितकी. तीन फुटांपेक्षा कमी उंचीचा ढीग उष्णता धरत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडचे तूस कोरडेठाक असते, त्यामुळे पाणी घालावेच लागते. किती, तर मूठभर माल घट्ट आवळल्यावर हात ओला व्हावा, एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. पावसाळ्यात वर ताडपत्री टाकावी.

ढीग तापला की नाही हे पाहायला थर्मामीटर असला तर उत्तमच. नसला तर पहार ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. बाहेर काढल्यावर तिचे टोक हातात धरवत नसेल तर ढीग चालू आहे. कोमट लागली तर पाणी कमी पडले, किंवा जास्त होऊन हवा कोंडली. अमोनियाचा वास नाकात झोंबत असेल तर पाचट कमी पडले.

खरी चूक यापुढे होते. आत 60 अंश असले तरी ढिगाची बाहेरची वीतभर साल थंडच असते, आणि जिवंत किडा बुडाखालची आग चुकवून त्या सालीत येऊन बसतो. म्हणून ढीग पालटला पाहिजे : बाहेरचे आत, आतले बाहेर. अमेरिकेत उघड्यावरच्या ढिगासाठी जो दंडक आहे तो असा की 55 अंश किंवा अधिक उष्णता पंधरा दिवस टिकावी आणि तेवढ्यात निदान पाच वेळा ढीग पालटावा. हिशेबाला सोपे : दर तीन दिवसांनी एक पालटी. नंतर ढीग दोनतीन महिने मुरू द्यावा आणि त्याच्याभोवती काट्यांचे कुंपण करावे, म्हणजे कोंबड्या तिकडे फिरकणार नाहीत. मेलेली कोंबडी या ढिगात टाकू नये. कुत्री ती उकरून गावभर नेतात. आणि चुना तर ढिगात मुळीच घालू नये. चुन्याने नत्र अमोनिया होऊन उडते. चुन्याची जागा शेडच्या भिंतीवर.

भिंतीवरून आठवले. खत कितीही उत्तम तापवले आणि शेड तशीच ठेवली, तर ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होईल. माइट आणि गोचीड यांचा मुक्काम तुसात कमी आणि भेगांत जास्त. शेड रिकामी असतानाच भेगा, सांधे, जाळीच्या कडा ज्योतीने भाजून घ्याव्यात. मात्र छप्पर पाचटाचे-गवताचे असेल तर ज्योत नको, उकळते पाणी वापरावे. मग भेगा लिंपून वर दाट चुना. दांड्या आणि टोपल्या उन्हात. औषध मारायचे तर ते जनावरांच्या डॉक्टरला विचारून, आणि सात ते दहा दिवसांनी दुसऱ्यांदा, कारण पहिल्या फवाऱ्यात अंडी मरत नाहीत.

काही घरांत अजून जुन्या पांढऱ्या पावडरीचा डबा माळ्यावर असतो. बीएचसीवर 1997 साली बंदी आली, कार्बारिलवर 2018 साली. असली पावडर तुसात मिसळली की किडा मरो न मरो, ते विष खताबरोबर रानात जाते. अंडी खाणारी पोरे आपलीच आहेत, हे विसरू नये.

एक इशारा. वर सांगितले ते किड्या-जंतांसाठी. कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या तर खताला हात लावू नये, कुठे हलवू नये, आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा काय झाले ते आपण पाहिले आहे. रोग नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्यात, आणि भाव पडले देशभर.

आता चळवळीचा मुद्दा. आम्ही ना सेंद्रियवाले, ना रासायनिकवाले, आम्ही हिशेबवाले. बाजार मोकळा करा, आमचा माल आम्हाला हवा तिथे विकू द्या, असे आम्ही इतकी वर्षे म्हणत आलो. पण मोकळ्या बाजारात जाणाऱ्याचा माल चोख लागतो. आपल्याला बोगस बियाणे मिळाले की आपण रस्त्यावर येतो. मग द्राक्षवाल्याला किंवा भाजीवाल्याला कच्चे, जंताने भरलेले खत 'एकदम चांगले' म्हणून विकणारा आणि तो बियाणेवाला यांत फरक काय? त्याच्या परसातही कोंबड्या आहेत. खत उतरवले, रोगही उतरवला. कच्च्या खताने त्याची मुळे पोळतील आणि पालेभाजीवर पडले तर खाणाऱ्याचे पोट बिघडेल. पुढच्या वर्षी तो तुमच्या दारात येणार नाही. तापवून मुरवलेल्या खताला मात्र दर सांगता येतो, आणि त्या दरात पाच पालट्यांची मजुरी धरायची आहे. ती घरच्या माणसांनी केली म्हणून फुकट नाही.

आमच्या मागण्याही थोड्याच आहेत. खत कोणाचे आणि शेडमधल्या किड्यांच्या औषधाचा खर्च कोणाचा, हे प्रत्येक करारात मराठीत, स्वच्छ लिहिलेले असावे. आणि तालुक्याच्या दवाखान्यात कोंबडीची विष्ठा तपासून त्याच दिवशी सांगायची सोय असावी. सूक्ष्मदर्शक आणि तो वापरणारा माणूस, एवढेच त्याला लागते. सबसिडी आम्ही मागितलेली नाही.

मागण्या होतील तेव्हा होतील. ढीग रचायला मात्र कोणाच्या परवानगीची गरज नाही. पुढच्या बैठकीला येताना ज्यांनी ढीग लावला असेल त्यांनी दोन मुठी मुरलेले खत फडक्यात बांधून आणावे आणि किती मजूर लागले, किती पाणी लागले, कोणत्या भावाने गेले, ते आकडे कागदावर आणावेत. मायबहिणींनी तर आणावेतच. या वेळी चहाच्या वेळची कुजबुज नको. कोंबडखत हा विषय बैठकीच्या कामकाजात घेऊ.