हिशेबाची वही : न ओरडणारे ग्राफिक्स कार्ड



रेशन, शाळेची फी, पतपेढीचा हप्ता यांचे हिशेब आपण या वहीत नेहमी मांडतो. या वेळचा खर्च जरा वेगळा आहे. आपल्या मुलामुलींच्या शिक्षणामुळे आता आपल्या घरांतही कॉम्प्युटरचा एक महागडा भाग विकत घेण्याची पाळी येऊ लागली आहे. त्याचे नाव ग्राफिक्स कार्ड. माझ्या भाचीसाठी ते दोनदा घ्यावे लागले. पहिल्यांदा पैसे बुडाले, आणि तेही माझ्या सल्ल्याने. म्हणून हे लिहिणे मला भागच आहे.

भाची थ्री-डी ॲनिमेशन शिकली आणि एका स्टुडिओचे काम घरी आणून करते. घर म्हणजे १० बाय १२ ची खोली. दिवसभर ती चित्र रचते आणि मग कॉम्प्युटरला ते 'रेंडर' करायला लावते, म्हणजे प्रत्येक चित्रातला उजेड, सावली, रंग यांचे गणित कॉम्प्युटर करत बसतो. हे आठ-आठ तास चालते. ऑफिसात एक हुशार अकौंटंट सगळी खाती पाहू शकतो, पण हजार पानांची बेरीज असेल तर हजार साधे कारकून एकेक पान घेऊन लवकर उरकतील. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ते हजार कारकून. आणि इतके कारकून एका डबीत कोंडले की उष्णता होणारच. ती काढायला पंखे, आणि पंखे आले की आवाज.

आता घरची परिस्थिती पाहा. भावजींची रात्रपाळी, ते सकाळी येऊन झोपतात. रात्री बहीण आणि दहावीतला भाचा. म्हणजे त्या खोलीत चोवीस तासांत कोणीतरी झोपलेले असतेच. बंगल्यात राहणाऱ्याला पंख्याचा आवाज ही हौसेची तक्रार वाटेल. आपल्याकडे तो रोजच्या झोपेचा प्रश्न आहे.

पहिली चूक २०२३ साली झाली. त्याआधी दोन-तीन वर्षे ही कार्डे बाजारात मिळत नव्हती. इथेरियम नावाचे आभासी चलन तयार करण्यासाठी लोकांनी ती ढिगांनी लावून रात्रंदिवस चालवली होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली आणि वापरलेला माल बाजारात आला. मी म्हटले, "निम्म्या पैशात मोठे कार्ड मिळते आहे, घेऊन टाक." आरटीएक्स ३०७० घेतले, २४ हजारांना, बिलाशिवाय, सात दिवसांच्या तोंडी हमीवर. पंखे पहिल्या दिवसापासून घरघरत होते. पाचव्या महिन्यात पडद्यावर रंगीत चौकोन दिसू लागले आणि एका रात्री सगळे काळे झाले. काम वेळेत गेले नाही, स्टुडिओने पैसे कापले. दुकानदार म्हणाला, बिल दाखवा. बी. कॉम. झालेला, रोज व्हाउचर तपासणारा मी, आणि माझ्याजवळ बिल नव्हते!

सगळीच जुनी कार्डे वाईट असतात असे नाही. मुख्य चिप पुष्कळदा धडधाकट असते. झिजतात ते पंखे, आणि सुकतो तो चिपवरचा उष्णता वाहून नेणारा लेप व पट्ट्या. ते बदलणारा माहीतगार माणूस ओळखीचा असेल तर जुने घ्यावे. आमच्याकडे तो नव्हता.

दुसऱ्या वेळी ५० हजारांची जुळणी केली. २० हजार बहिणीच्या भिशीचे आणि ३० हजार पतपेढीचे कर्ज. या वेळी आधी वही उघडली.

भाचीने प्रथम एकच गोष्ट ठासून सांगितली. "मामा, मेमरी बघा." रेंडर करायचे सगळे चित्र कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावावे लागते. मावले नाही तर काम रखडते किंवा बंदच पडते. पहिल्या कार्डात ८ जीबी होती आणि ती अपुरी पडत असे. तेव्हा १६ जीबीच्या खाली जायचे नाही असे ठरले. येथे एक सापळा आहे. आरटीएक्स ५०६० टीआय हे २०२५ साली आलेले कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत निघाले, नाव मात्र एकच. आरएक्स ९०६० एक्सटीचेही तसेच. दुकानदार नुसते नाव सांगून स्वस्त भाव बोलला की खोक्यावरचा आकडा वाचा.

ही दोन कार्डे आमच्या यादीत होती. तिसरे होते जुने आरटीएक्स ३०९०, २०२० सालचे, तेव्हाचे बडे प्रस्थ, तब्बल २४ जीबीचे. भाचीचा जीव त्याच्यावर होता. ते मी वहीत घातले. ३०९० पूर्ण कामात ३५० वॅट वीज घेते आणि ५०६० टीआय १८० वॅट. फरक १७० वॅट. रोज ८ तास आणि महिन्याला २५ दिवस धरले तर ३४ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरा (तुमच्या बिलावर जो दर पडत असेल तो लावा) म्हणजे महिना ३४० आणि तीन वर्षांत १२,२४० रुपये. मोठे कार्ड काम जरा लवकर उरकेल असे मानले तरी बराचसा फरक उरतोच. शिवाय कंपनी त्याला ७५० वॅटचा पॉवर सप्लाय लावायला सांगते, तो वेगळा घ्यावा लागला असता. त्या कार्डाच्या मेमरीच्या काही चिप पाठीमागच्या बाजूला असतात आणि त्या चांगल्याच तापतात. आणि मे महिन्यात १० बाय १२ च्या खोलीत साडेतीनशे वॅटची शेगडी कोण पेटवील? भाची गप्प झाली.

राहिली दोन. नुसते खेळ खेळायचे असतील तर ९०६० एक्सटी पुरे, ते १६० वॅटमध्ये भागवते. पण भाची ब्लेंडर वापरते. हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. दोन्ही कंपन्यांची कार्डे त्यात चालतात, मात्र रेंडरच्या कामात एनव्हिडियाचे कार्ड सरस ठरते. म्हणून ५०६० टीआय, १६ जीबी.

आता आवाजाचे. चिप एकच असली तरी वेगवेगळ्या कंपन्या तिच्यावर आपापले पंखे आणि धातूचे पंखाळे बसवून विकतात, म्हणून एकाच नावाचे एक कार्ड शांत आणि दुसरे बोंबलणारे निघते. पंखे मोठे आणि धातूचा भाग जाड, वजनदार असेल तर पंख्याला सावकाश फिरूनही भागते. छोटा पंखा तेवढीच हवा ओढायला जोरात फिरतो आणि किंचाळतो. दिव्यांची रोषणाई पाहून कार्ड घेऊ नका, हातात घेऊन वजन पाहा. काम नसताना पंखे पूर्ण थांबण्याची सोय बहुतेक नव्या कार्डांत असते, ती आहे का हे विचारा. चाचण्यांत आवाज डेसिबलमध्ये देतात. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, हे लक्षात ठेवले तर चार-पाच डेसिबलचा फरकही किरकोळ वाटणार नाही.

एक दुसरा आवाज पंख्याचा नसतो. कार्डावरच्या विजेच्या गुंडाळ्या भार पडला की बारीक शीळ घालतात. एखाद्या नगात ती असते, एखाद्यात नसते, आणि नुसत्या शिळेसाठी कंपनी कार्ड बदलून देईलच असे नाही. शक्य असेल तर दुकानातच लावून, काम देऊन, कान जवळ नेऊन ऐका. लॅमिंग्टन रोडच्या गर्दीत काय ऐकू येणार म्हणा, पण मी ऐकले. दुकानातला पोरगा हसत होता. हसू दे.

घरी आल्यावर भाचीने कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून १५ टक्क्यांनी खाली आणली. याला पैसा पडत नाही. वीज जितकी कमी होते तितका वेग कमी होत नाही, पंखे मात्र लगेच नरमतात. कॉम्प्युटरच्या पेटीचे पुढचे काचेचे झाकण काढून जाळीचे लावले. काचेआड हवा मिळेना, तर बिचारे पंखे तरी काय करणार?

बिलाचे पुन्हा सांगतो. या कार्डांवर १८ टक्के जीएसटी आहे. ५० हजारांच्या कार्डात ७,६२७ रुपये कराचे असतात. म्हणून "बिल नको असेल तर कमी करतो" हे वाक्य कानाला गोड लागते. पण तीन वर्षांची हमी मागायला जाल तेव्हा कंपनी बिल मागते. बिलावर कार्डाचा क्रमांक लिहून घ्या आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. खोके उघडताना मोबाईलवर चित्रण करा. भाव मी छापत नाही. मेमरी चिप महागल्यापासून ते सारखे हलत आहेत. दोन-तीन दुकानांत विचारून मगच पैसे काढा.

आणि वीज! आमच्या जुन्या चाळीत तिसऱ्या पिनेला अर्थिंगच नव्हते. कॉम्प्युटरच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येत. ४० हजारांवरची वस्तू जोडण्याआधी वायरमन बोलावून ते करून घेतले. घरचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच उचलतो. कार्ड, प्रोसेसर आणि पडदा मिळून तो काठावर येत होता, म्हणून १००० व्हीएचा घ्यावा लागला. हा खर्च मी आधी धरलाच नव्हता. तो माझ्या बोनसमधून गेला.

दर दोन महिन्यांनी कॉम्प्युटर बंद करून धूळ झाडायची असते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, गरगर फिरू देऊ नयेत. हे काम आता भाचा करतो.

कार्ड आले त्या रविवारी भावजी दुपारी झोपेतून उठले आणि पहिला प्रश्न केला, "मशीन बंद पडले काय गं पुन्हा?" ते चालू होते. पतपेढीचे अकरा हप्ते बाकी आहेत. बिलाची एक झेरॉक्स बहिणीच्या ट्रंकेत आहे आणि एक माझ्या वहीत.